एकशे दहा अंशांच्या पुढे

गोनिओमीटर हे नाव भारदस्त आहे, वस्तू साधी. प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या, मधे एक खिळा आणि खिळ्याभोवती अंशांच्या खुणा. फिजिओथेरपिस्ट खिळा गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला सांध्यावर धरतात, एक पट्टी मांडीच्या रेषेत ठेवतात, दुसरी घोट्याच्या दिशेने, आणि पलंगावर आडव्या झालेल्या रुग्णाला टाच हळूहळू कुल्ल्याकडे ओढायला सांगतात. जिथे पाय अडतो तिथला आकडा कागदावर जातो. प्लॅस्टर निघाल्यावर तो पन्नास-साठ असतो, मग सत्तर, मग पंच्याऐंशी. रुग्णाला ‘कसं वाटतंय’ एवढे विचारून भागत नाही. दुखणे आज जास्त असेल, उद्या कमी, पण सांधा पुढे सरकतोय की नाही हे अंशांवरून कळते.

या आकड्यांचे रोजच्या जगण्याशी थेट नाते आहे. सपाट रस्त्यावर चालताना पाय पुढे टाकायला गुडघा साठ-पासष्ट अंशांत वाकावा लागतो. जिना चढायला-उतरायला ऐंशी ते शंभर. खुर्चीतून उठायला साधारण तेवढेच, खुर्ची बुटकी असेल तर जास्त. युरोप-अमेरिकेतल्या अभ्यासांनी या सगळ्याची गोळाबेरीज करून एकशे दहा अंशांची हालचाल दैनंदिन कामांना पुरेशी मानली. तिकडच्या घरात ती पुरतेही. पण उकिडवे बसणे, मांडी घालणे आणि गुडघे टेकून बसणे यांना १११ ते १६५ अंश लागतात. म्हणजे पाश्चात्त्य पुस्तकात जिथे उपचार संपतो, तिथून पुढे लातूर जिल्ह्यातल्या माणसाचा निम्मा दिवस सुरू होतो. चुलीपुढची भाकरी, सोयाबीनमधली खुरपणी, लग्नातली पंगत, मशिदीतली नमाज, आणि सगळ्यात अडचणीचा म्हणजे सकाळचा संडास. ‘आता तुम्ही चालू-फिरू लागलात’ असे सांगून रुग्णालयाने घरी पाठवलेली बाई घरी येऊन अडून बसते, त्याचे कारण बरेचदा या उरलेल्या तीस-चाळीस अंशांत असते.

मुळात सांधा आखडतो का, हे समजले की पुढचे बरेच सोपे होते.

हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो, गुडघ्यात जेमतेम दोन-चार मिलिमीटर जाडीचा. मोठ्या माणसाच्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे तिला रक्तातून थेट अन्न मिळत नाही. सांध्यात चमचाभर स्निग्ध द्रव असतो, त्यातूनच ते यावे लागते. पाय टेकला की कूर्चा दाबली जाते, आतले पाणी बाहेर पडते. पाय उचलला की ती ओल्या स्पंजासारखी फुगते आणि ताजा द्रव शोषून घेते. चालणे म्हणजे तिचे जेवण. सांधा महिनाभर एका जागी बांधून ठेवला की कूर्चेची उपासमार होते, भोवतीचे आवरण आकसते, तंतू एकमेकांना चिकटतात. स्नायूंचे हाल त्याहून लवकर होतात. गुडघ्यात पाणी झाले की मज्जासंस्था मांडीच्या पुढच्या स्नायूला जणू रजा देते. निरोगी माणसांच्या गुडघ्यात नुसते वीस-तीस मिलिलिटर खारट पाणी टोचले, तरी त्या स्नायूचा आतल्या बाजूचा भाग नीट काम करेनासा होतो, हे १९८४ मध्येच प्रयोगाने दिसले. मार लागल्यावर ‘पाय दगा देतो’, चालता चालता गुडघा अचानक लचकतो, त्याचे हे एक कारण. तिथे धीर धरून उपयोग नसतो. स्नायूला पुन्हा कामावर बोलवावे लागते.

तरीही विश्रांतीचा दबदबा वैद्यकात फार काळ टिकला. एकोणिसाव्या शतकातले इंग्लंडमधले नामांकित अस्थिचिकित्सक ह्यू ओवेन थॉमस यांचा भर सक्तीच्या, अखंड आणि दीर्घ विश्रांतीवर होता. क्षयाने पोखरलेल्या सांध्यांच्या त्या काळात ते चुकीचेही नव्हते. नंतर क्षयावर औषधे आली, पण विश्रांतीची सवय राहिली. १९६६ मध्ये अमेरिकेत डलासला विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे पूर्ण अंथरुणावर झोपवले गेले. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा निष्कर्ष निघाला की त्यांच्या शरीराची काम करण्याची क्षमता तीस वर्षांच्या वाढत्या वयाने जेवढी घटली, त्याहून जास्त ती त्या तीन आठवड्यांच्या झोपेने घटली होती. ‘पंधरा दिवस पलंगावरून उठू नका’ असे कंबरदुखीच्या रुग्णाला सांगण्याआधी हा प्रयोग आठवायला हवा.

कूर्चेचा पुरावा टोरांटोहून आला. तिथले बालअस्थितज्ज्ञ रॉबर्ट सॉल्टर यांनी सशांच्या गुडघ्यातल्या कूर्चेला बारीक छिद्रे पाडली. काहींचे पाय बांधून ठेवले, काहींना पिंजऱ्यात मोकळे सोडले, आणि काहींचे पाय यंत्राने सतत, सावकाश हलवत ठेवले. सर्वांत चांगली भरून आली ती हलत्या पायांतली कूर्चा. त्यातून पाय हलवणारी यंत्रे रुग्णालयांत आली. मात्र गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्या यंत्राचा फारसा जादा फायदा दिसला नाही. तेवढेच काम स्वतःच्या स्नायूंनी हलवलेला पाय करतो, आणि त्याला वीजबिलही येत नाही.

आता गुडघेदुखीकडे. मराठवाड्यात तिचे निदान ओट्यावर बसल्या बसल्या होते: वंगण संपलं, वाटी झिजली, गॅप आला. या निदानातून निघणारा सल्ला ठरलेला असतो, तो म्हणजे जपून वापर. गाडीचा टायर तसाच पुरवून वापरतात. सांध्याचे गणित नेमके उलटे आहे, कारण तो वापराने पोसला जातो. मग झीज होतेच कशी? प्रमाणाबाहेरच्या भाराने, वाकड्या भाराने, जुन्या दुखापतीने, आणि स्नायू कमजोर पडल्यामुळे.

भाराचे आकडे मोजलेले आहेत. कृत्रिम गुडघ्यात संवेदक बसवलेल्या रुग्णांवर जर्मनीत झालेल्या मोजणीत सपाट चालताना गुडघ्यावर वजनाच्या सुमारे अडीच पट भार आला, जिना चढताना तिप्पट, उतरताना साडेतीन पट. एक किलो वजन घटले तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. सत्तर किलोच्या माणसाच्या पाठीवर बाजार समितीत क्विंटलचे पोते चढले, तर त्याचा हिशेब वाचकांनीच करावा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्येच एका माणसाने उचलायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो सुचवली होती, आणि महाराष्ट्रात हमालांच्या संघटना पोते पन्नास किलोंचे करा म्हणून वर्षानुवर्षे भांडत आल्या. गुडघ्याच्या दृष्टीने पाहिले तर ती मागणी म्हणजे सगळ्यात स्वस्त उपचार.

उकिडवे बसण्याचाही वाटा आहे. बीजिंगमधल्या साठीच्या पुढच्या स्त्रियांत गुडघ्याची झीज अमेरिकेतल्या गोऱ्या स्त्रियांपेक्षा जास्त आढळली, खुब्याची मात्र कितीतरी कमी. तरुणपणी रोज किती तास उकिडवे बसत होता, याच्याशी गुडघ्याच्या झिजेचा संबंध त्या संशोधकांना दिसला. आपल्याकडचा असा भरवशाचा अभ्यास पुणे जिल्ह्यातल्या भिगवणचा. डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये तिथे घरोघर जाऊन चार हजारांवर प्रौढांची पाहणी केली. सुमारे १८ टक्के लोकांना हाडा-सांध्यांचे किंवा स्नायूंचे दुखणे होते. सांध्यांची झीज सहा टक्क्यांच्या आसपास, आणि ज्याच्या नावाने धडकी भरते तो संधिवात, म्हणजे ऱ्हूमॅटॉइड, अर्धा टक्का. उरलेल्यांतल्या पुष्कळांचे दुखणे स्नायूंचे, कंडरांचे, राबणाऱ्या शरीराचे होते.

एक्स-रे इथे दिशाभूल करू शकतो. फोटोत भयंकर दिसणारा गुडघा मजेत डोंगर चढतो आणि किरकोळ झिजेचा गुडघा रात्री झोपू देत नाही, अशी माणसे प्रत्येक डॉक्टरने पाहिलेली असतात. २००२ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला १८० रुग्णांवर झालेला प्रयोग तर गाजलाच. झिजलेल्या गुडघ्यात दुर्बीण घालून आतली साफसफाई करण्याची शस्त्रक्रिया काहींवर केली, आणि काहींच्या गुडघ्यावर नुसते वरवरचे छेद देऊन टाके घातले. दोन वर्षांनी दोन्ही गटांचे दुखणे सारखेच होते. मांडीच्या स्नायूला बळकटी देणाऱ्या व्यायामाने मात्र गुडघ्याचे दुखणे कमी होते आणि चालणे सुधारते, हे पन्नासहून अधिक चाचण्या एकत्र तपासून सिद्ध झाले आहे. पूर्ण झिजून वाकलेल्या गुडघ्याला सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया वरदान आहे, याबद्दल वाद नाही. पण तिथेही शस्त्रक्रियेच्या दिवशीच किंवा दुसऱ्या दिवशी रुग्णाला उभे करतात.

हे व्यायाम बघायला इतके साधे असतात की लोकांचा विश्वास बसत नाही. पाय लांब करून बसायचे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघ्याने ती खाली दाबायची. मांडीचा पुढचा भाग टणक होतो, वाटी किंचित वर सरकते. पाच आकडे मोजायचे, सोडायचे. पहिल्या दिवशी कित्येकांना दाबताच येत नाही. कुल्ला उचलला जातो, श्वास कोंडला जातो, दुसराच पाय ताणला जातो. फिजिओथेरपिस्ट स्नायूवर बोटे टेकवून ‘इथून दाबा’ म्हणतात, तेव्हा कुठे हरवलेला स्नायू सापडतो. मग सरळ पाय वीतभर उचलणे, मग खुर्चीतून हात न लावता उठणे-बसणे, मग पायरी. ‘मशीन लावली नाही, नुसता व्यायाम सांगितला’ अशी तक्रार रुग्ण करतात. शेक देणाऱ्या मशीनने बरे वाटते हे खरे, पण ते बरे वाटणे घरी जाईपर्यंतचे. स्नायू मशीनने वाढत नाही.

दुखत असताना व्यायाम करायचा का, या प्रश्नावर घरोघर भांडणे होतात. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून चालणाऱ्या गुडघा-खुब्याच्या व्यायाम कार्यक्रमात याचा सुटसुटीत नियम आहे. शून्य ते दहा अशी दुखण्याची मोजपट्टी धरायची. दोनपर्यंत निर्धास्त, पाचपर्यंत चालते, पाचाच्या वर गेले तर व्यायाम हलका करायचा. वाढलेले दुखणे चोवीस तासांत मूळ जागी आले पाहिजे. दुसऱ्या दिवशी सांधा सुजला तर मात्रा चुकली. व्यायाम बंद करायचा नाही, कमी करायचा. ताज्या दुखापतीतही हेच, फक्त सावकाश. १९७८ मध्ये गेब मर्किन या अमेरिकी डॉक्टरांनी विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणे हे चौकडीचे सूत्र दिले, ते जगभर पाठ झाले. २०१४ मध्ये त्यांनीच लिहिले की बर्फ आणि पूर्ण विश्रांतीने दुखापत भरून यायला उशीर होऊ शकतो. मुरगळलेल्या घोट्याला पहिले एक-दोन दिवस जपावे, मग सोसेल तेवढे टेकवावे, अशी आजची दिशा आहे.

खांद्याचे वेगळे प्रकरण. पन्नाशीच्या आसपास, विशेषतः मधुमेह्यांत, खांदा आपोआप आखडतो. बायकांना वेणी घालता येत नाही, पुरुषांना सदऱ्याच्या बाहीत हात घालता येत नाही आणि मागच्या खिशातले पाकीट काढता येत नाही. मग दुखतो म्हणून हात पोटाशी धरून ठेवला जातो आणि आणखी आखडतो. भिंतीवर बोटांनी चढत जाणे, दाराला बांधलेल्या कप्पीवरून चांगल्या हाताने दुखरा हात वर ओढणे हे उपाय महिनोन्महिने करावे लागतात. हा आजार घाई करू देत नाही. कोपराची गोष्ट महाराष्ट्राला सचिन तेंडुलकरने शिकवली. २००४ मध्ये ‘टेनिस एल्बो’मुळे तो ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्या दोन कसोटींना मुकला, नागपूरच्या सामन्यात परतला, मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली, आणि एकदिवसीय सामन्यातले द्विशतक ग्वाल्हेरला २०१० मध्ये आले. तोच एल्बो कपडे पिळणाऱ्या आणि परातीत पीठ मळणाऱ्या बायकांना होतो. त्यांच्यासाठी संघाबरोबर फिजिओ फिरत नाही एवढाच फरक.

हालचाल हाच उपचार, याचे मराठी मुलखातले सर्वांत ठसठशीत उदाहरण मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यातला हा जवान लष्करात मुष्टियोद्धा होता. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचे बळ गेले. उपचाराचा भाग म्हणून त्याला पोहायला सांगितले गेले. १९७२ च्या हायडलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल त्याने ३७.३३ सेकंदांत पार केले आणि भारताला वैयक्तिक सुवर्णपदक मिळाले. पद्मश्री मिळायला मात्र २०१८ उजाडले. पाण्यात शरीराचा भार हलका होतो, पण पाणी प्रत्येक हालचालीला विरोध करते, म्हणजे सांध्याला आराम आणि स्नायूला काम. ज्या गावात विहीर किंवा तलाव आहे आणि ज्याला पोहता येते, त्याला हा उपचार फुकट आहे. अर्थात मराठवाड्यात पाणी असले तर! टँकरच्या वर्षांत इथल्या बायकांना पाण्याने दिलेला व्यायाम डोक्यावरच्या घागरींचा होता आणि त्याने मानेचे काही भले झाले नाही.

हालचालीने उपचार करण्याच्या या शास्त्राचा देशातला पायाही मराठी मुलखातच, मुंबईत पडला. जन्माने अमेरिकन, लग्नाने मराठी झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराची, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीची, आशियातली पहिली शाळा काढली. मागोमाग, पोलिओच्या त्या वर्षांत, तिथेच फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली. १९५५ मध्ये हाजी अलीला पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था आली. लातुरात आज महाराष्ट्र इन्स्टिट्यूट ऑफ फिजिओथेरपी आहे, लातूर आणि नांदेड दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. गंमत अशी की फिजिओथेरपीचा प्रवेशही महाराष्ट्रात ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेतूनच होतो. लातूर पॅटर्नच्या शिकवणीवर्गांत दिवसाचे दहा-बारा तास बाकावर वाकून मान आखडून घेतलेली मुले पुढे मानेचे व्यायाम शिकवायला बाहेर पडतात. एमबीबीएस हुकले म्हणून आलोय, हा सल त्यांच्यातल्या काहींच्या मनात असतो आणि समाजही तो जिरू देत नाही. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाला स्वतंत्र स्थान दिले, तरी ‘मालिशवाला’ आणि ‘फिजिओ’ यांतला फरक गावोगाव अजून समजावून सांगावा लागतो. मालिशने बरे वाटते, त्याला कोणाची हरकत नाही. ताज्या मोडलेल्या हाडावर मालिश किंवा हाडवैद्याने करकचून बांधलेल्या कामट्या मात्र जिवावर बेतू शकतात. रक्त अडते, बोटे काळी-निळी पडतात, स्नायू मरतात, आणि मग कितीही व्यायाम केला तरी तो हात उघडत नाही.

लातूर जिल्ह्यासाठी या विषयाला एक तारीख आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून झोपलेल्या किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांवर भूकंपात दगड-मातीच्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती आणि माळवदे कोसळली. आठ हजारांच्या आसपास माणसे गेली, सुमारे सोळा हजार जखमी झाली. अशा भूकंपात वाचलेल्यांना होणाऱ्या इजा ठरावीक असतात. हातापायांची हाडे, कंबरेचे कडे आणि मणके मोडतात, स्नायू चिरडतात. घरे पुन्हा बांधण्याचा कार्यक्रम जागतिक बँकेच्या मदतीने वर्षानुवर्षे चालला, सास्तूरला ‘स्पर्श’ रुग्णालय उभे राहिले. पण हाड जोडले गेल्यावरही सांध्याचा हिशेब मिटत नाही. मोडलेली रेघ सांध्याच्या पृष्ठभागातून गेली असेल, तर दहा-वीस-तीस वर्षांनी त्या सांध्याची झीज इतरांपेक्षा लवकर होते. १९९३ मध्ये पंचविशीत असलेली माणसे आज साठीच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांच्या गुडघ्या-घोट्यांची दुखणी केवळ ‘वयामुळे’ म्हणून निकालात काढणे योग्य नव्हे. तपासणाऱ्याने ‘भूकंपात काय लागलं होतं?’ हा एक प्रश्न विचारला तर उपचाराची दिशा बदलू शकते.

काही दुखण्यांना व्यायाम हे उत्तर नाही, निदान आधी तरी नाही. सांधा लाल, गरम आणि ताप. पडल्यानंतर पाय टेकवताच येत नाही. कंबरदुखीबरोबर लघवीवरचा ताबा सुटला किंवा पायातली शक्ती गेली. पोटरी एकाएकी सुजली. सकाळचा आखडलेपणा तासभर जात नाही आणि दोन्ही हातांची बोटे सुजतात. या सगळ्यांत आधी डॉक्टर. आणि बाजारात मिळणारी बिननावाची सांधेदुखीची पुडी तोंडात टाकताच दोन दिवसांत चमत्कार झाला, तर संशय घ्यावा. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडते. ते दुखणे थांबवते, वर साखर वाढवते आणि हाडे ठिसूळ करते.

राहिला तो एकशे दहाच्या पुढचा भाग. तरुण माणसाचा मोडलेला पाय तिथवर नेता येतो आणि न्यायलाच हवा. सत्तरीतला झिजलेला किंवा बदललेला गुडघा तिथे जबरदस्तीने नेऊ नये. तिथे घर आणि शेत बदलावे लागते. भारतीय पद्धतीच्या संडासावर ठेवायची कमोड खुर्ची कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळते. भाकरी उभ्याने ओट्यावर थापता येते, सुरुवातीला ती गोल येत नाही एवढेच. पंगतीत खुर्ची मागायला लाज वाटते, ती यजमानाने आधीच मांडून ठेवावी. सोयाबीनच्या ओळींत आता सायकल कोळपे चालते. जुन्या सायकलचे चाक आणि हँडल, खाली पात. उभ्याने ढकलायचे. ते पिकासाठी आणि मजुरी वाचवण्यासाठी आले, गुडघ्यांसाठी नव्हे. तरी दिवसभर उकिडवे बसून खुरपणाऱ्या बाईचे कित्येक तास त्याने वाचतात. त्या बाईने घरी एक चाचणी करून पाहावी. भिंतीला टेकवलेली सरळ पाठीची खुर्ची, हात छातीवर घडी घातलेले, तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून बसता येते ते मोजायचे. साठ ते चौसष्ट वयाच्या स्त्रीला बारापेक्षा कमी, पुरुषाला चौदापेक्षा कमी जमले, तर पायांचे बळ सरासरीखाली आहे; सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या स्त्रीसाठी हा आकडा दहा, पुरुषासाठी बारा. कमी भरले तर हीच चाचणी रोज सकाळ-संध्याकाळ व्यायाम म्हणून करायची, खुर्ची उंच होईल अशी उशी ठेवून, आणि आठवड्यागणिक उशीची जाडी कमी करत.